हाकीसर

‘हाकीसर’ हे नाव हॉकीवरून पडलं की हाकेवरून, याबद्दल आमच्या गावात दोन मतं आहेत. शाळेतली माणसं म्हणतात, हॉकी शिकवतात म्हणून हाकीसर. वस्तीवरची म्हणतात, पहाटे पाचला दारोदार हाका मारत हिंडतात म्हणून. खुद्द सरांना विचारलं तर म्हणतात, "ते राहू द्या, तुमचं पोरगं उठलं का ते सांगा."

हाक पोराच्या नावानं नसते, जागेच्या नावानं असते. "ए लेफ्ट हाफ! उठलास का रं?" आतून आईचा आवाज येतो, "सर, लेफ्ट हाफ आत्ताच पडलाय. रात्रीची लाइट होती, रानात पाणी द्यायला गेलता." सर दारात क्षणभर थांबतात, पोराची झोप किती झाली असेल याचा हिशेब करतात आणि पुढच्या घराकडे वळतात. "राइट इन! ए राइट इन!" अशानं गावातल्या आयांना आपापल्या पोराची जागा तोंडपाठ झाली आहे. ती जागा मैदानात नेमकी कुठं असते, हे मात्र एकीलाही ठाऊक नाही.

या जागांपायी एकदा भांडणही झालं. एक बाप तणतणत शाळेत आला. मी त्याच शाळेत कारकून आहे, त्यामुळे भांडणं आधी माझ्या टेबलावर येतात. "आमचा दाखला ओबीसीचा हाय. तुमच्या हाकीसरानं पोराला फॉरवर्ड कसं काय लिवलं? उद्या सवलत गेली तर कोन जबाबदार?" सरांनी बाहेर येऊन शांतपणे यादीत खाडाखोड केली आणि पोराला सेंटर हाफ केलं. बापानं ते वाचायला लावलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "अर्धा का?"

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या माथ्यावर. सीताफळं, कुसळं आणि मुकादम ही इथली तीन पिकं. अशा ठिकाणी हॉकी कशी आली, ही कथा सर फार गंभीरपणे सांगतात. खरी हकिगत एवढीच, की अमरावतीला बी.पी.एड. करताना विशेष खेळ निवडायच्या रांगेत सर शेवटी उभे होते. पुढच्यांनी कबड्डी नेली, खो-खो नेला, व्हॉलीबॉल नेला. टेबलावर जे उरलं ते सरांच्या पदरी पडलं. मात्र रांगेत पुढं उभ्या असलेल्यांपैकी आज कुणी मैदानावर दिसत असल्याचं ऐकिवात नाही. एकाचं मंगल कार्यालय आहे म्हणतात.

दर १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की सर माइकचा ताबा घेतात. १९३६ साली बर्लिनला, बरोबर याच तारखेला, ध्यानचंदांच्या संघानं अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं लोळवलं. त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवत होती. तेव्हा स्वातंत्र्य आपल्याला खरं त्याच दिवशी मिळालं, इंग्रजांच्या ध्यानात यायला ११ वर्षं लागली, असा सरांचा सिद्धांत आहे. तो सिद्ध होईपर्यंत जिलबीला मुंग्या लागतात. मग २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन. ध्यानचंदांच्या फोटोला हार. एका वर्षी आमच्या संस्थेच्या नव्या संचालकांनी तो हार घातला, डोळे मिटून नमस्कार केला आणि हळूच मला विचारलं, "हे आपले संस्थापक का?"

आमच्याकडे हॉकी स्टिक लोकांना दोनच ठिकाणची माहीत, एक हिंदी सिनेमातली आणि दुसरी पंचनाम्यातली. त्यामुळे संघ घेऊन बाहेरगावी जाणं हे सरांच्या दृष्टीनं स्पर्धेपेक्षा अवघड काम. एसटीत चढलं की कंडक्टर आधी स्टिकांकडे बघतो, मग पोरांकडे आणि मग ड्रायव्हरकडे. एका विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत आम्ही जिल्हा स्पर्धेला काळीपिवळीतून निघालो होतो. बीडच्या अलीकडे नाकाबंदी. हवालदारानं मागचं दार उघडलं. आत सोळा पोरं आणि खताच्या पोत्यात गुंडाळलेल्या बावीस स्टिका.

"हे काय?"

"हॉकी."

"ते दिसायलंय मला. कुणाच्या गावाला चाललाव?"

सरांनी क्रीडा कार्यालयाचं पत्र काढून दिलं. हवालदारानं ते वाचलं, मग स्टिका मोजल्या. "पोरं सोळा अन् हत्यारं बावीस. वरच्या सहा कुणाच्या?"

"मोडतात, साहेब."

"कशानं?"

सर खोटं बोलत नाहीत, पण नेमकं कधी काय बोलावं हेही त्यांना कळत नाही. "मारामारीत नाही मोडत," ते म्हणाले. त्या एका वाक्यावर आम्ही सगळे खाली उतरलो.

शेवटी सरांनी रस्त्यावरच चेंडू काढला आणि आमच्या सेंटर फॉरवर्डला म्हणाले, "दाखव साहेबांना." पोरानं बॅरिकेडच्या पायांमधून, हवालदाराच्या पायांमधून, जीपच्या चाकाला वळसा घालून चेंडू नेला आणि परत आणला. मागं ट्रॅक्टर, ट्रक, एका पुढाऱ्याची पांढरी गाडी अशी रांग लागली. हवालदार काही वेळ नुसता बघत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "सर, याला कोटा असतो का हो?"

हा प्रश्न सरांना कुणी विचारला की त्यांच्या अंगात संचार होतो. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा शासन निर्णय त्यांनी तिथंच जीपच्या बोनेटवर पसरून समजावून सांगितला. रेल्वेचा कोटा वेगळा, लष्कराचा वेगळा. बीडला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. रेल्वेचा क्रीडा कोटा सरांनी त्याच्या कितीतरी वर्षं आधी गावात आणून ठेवला होता. पुढच्या जूनला हवालदाराचं पोरगं आमच्या शाळेत आठवीत दाखल झालं. त्याचं पुढं सांगतो.

मैदानाबद्दल सांगायलाच हवं. गायरानाचा एक तुकडा. पूर्वेकडून पश्चिमेला उतार आणि उताराच्या शेवटी ओढा. हॉकीला ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद जागा लागते. आमची लांबीला पुरते, पण रुंदीला अर्ध्यावर एका भावकीचा बांध आडवा येतो आणि त्या बांधाची केस कोर्टात आहे. त्यामुळे आमच्या संघाला उजवी बाजूच नाही. राइट आउट हा आमच्याकडे पहिल्यापासून आउट आहे. राइट इन बांधावर उभा असतो. सगळा खेळ डावीकडून. उतारानं चेंडू आपोआप घरंगळत जातो म्हणून पोरांना पास द्यायची सवय नाही, सोडायची आहे. सपाट मैदानावर गेली की चेंडू मध्येच थांबतो कसा, या आश्चर्यातच त्यांची पहिली दहा मिनिटं जातात आणि तोवर दोन गोल झालेले असतात. चेंडू ओढ्यात गेला की मग कवठ. गावठी कवठ चेंडूइतकं टणक असतं, वजनालाही जवळपास. फक्त ते नीट फटका बसला की फुटतं, आणि मग खेळ थांबवून गूळ कुणाच्या घरचा आणायचा यावर चर्चा होते.

मी स्वतः या मैदानावर तीन वर्षं गोलकीपर होतो. म्हणजे मला पळता येत नव्हतं. युरियाच्या पोत्यात कडबा भरून काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, शिवलेले पॅड पायाला. छातीला गादीचा तुकडा. डोक्याला सरांच्या मोटरसायकलचं हेल्मेट. त्या हेल्मेटची काच वर राहत नसे आणि खाली घेतली की दिसत नसे. मी बहुतेक गोल आवाजावरून ओळखले. समोर पेनल्टी कॉर्नर लागलेला असताना एकदा एका शेळीनं मागून येऊन माझा डावा पॅड खायला सुरुवात केली. सर ओरडले, "हलू नको! जागा सोडू नको!" मी हललो नाही. शेळीही हलली नाही. गोल झाला.

स्टिका मोडल्या की सर सायकलची ट्यूब कापून पट्ट्या गुंडाळतात आणि खडकीचं उदाहरण देतात. धनराज पिल्ले खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिकांवर शिकला आणि चार ऑलिंपिक खेळला. मोडक्या स्टिकांच्या बाबतीत आम्ही खडकीच्या पुढं आहोत, पुढचं ऑलिंपिकचं तेवढं राहिलंय. लाकडी स्टिक तुतीची, जालंधर-मेरठकडून येणारी. तुती आमच्या जिल्ह्यात उदंड, पण ती रेशमासाठी, छाटून छाटून बोटाएवढ्या फांद्यांची ठेवलेली. एखाद्या तुतीच्या बागेजवळून जाताना सर गाडी हळू करतात. "सगळी हॉकी अळ्या खायल्यात," म्हणतात.

आता सरांचा खरा गुण सांगतो. त्यांना पोरगं ओळखता येतं. लग्नाच्या पंगतीत ते जेवणाकडे बघत नाहीत, वाढप्यांकडे बघतात. दोन ओळींच्या मधून वरणाची बादली घेऊन, कुणाच्या ताटाला पाय न लावता, थेंब न सांडता वाकून पळणारं पोरगं दिसलं की हातातला घास तसाच राहतो. "कुणाचा रे तू? जन्मतारीख काय तुझी?" शेजारच्याला वाटतं सर स्थळ बघायलेत. आठवडी बाजारात, जत्रेत, दहाव्याच्या घाटावर, कुठंही त्यांचं लक्ष पोरांच्या कंबरेकडे असतं. हॉकीत कंबरेत वाकून धावावं लागतं आणि ताठ वाढलेल्या पोरांना ते शिकवायला वर्षं जातात. आमच्याकडची निम्मी पोरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेली. सात-आठ वर्षांची असल्यापासून वाढं गोळा करायला वाकलेली. "कंबर तयार आहे," एवढंच सर म्हणतात. हे वाक्य ते कौतुकानं म्हणत नाहीत आणि म्हणून झाल्यावर दुसरीकडे बघतात.

जिल्ह्यात कुणी खेळात नाव काढलं की सरांना आनंद होतो, पण हळहळ त्याहून जास्त होते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं, आठ मिनिटं ११.२० सेकंद. सारा जिल्हा नाचला. सर टीव्हीपुढं डोकं धरून बसले होते. "काय पळतंय पोरगं! अन् ह्यांनी त्याला हौदात उड्या मारायला लावल्या. लेफ्ट आउट होता हो तो. जन्मजात लेफ्ट आउट!" २०२४ च्या फेब्रुवारीत एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात बीडच्या सचिन धसनं उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या. शतक चार धावांनी हुकलं याचं गावाला वाईट वाटलं. सरांना पोरगं एका खेळानं हुकलं याचं. केज तालुक्यातल्या कळंबआंब्याची प्रियंका इंगळे २०२५ च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताची कर्णधार झाली, नेपाळला हरवून कप घेऊन आली, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "कंबर बघा पोरीची." आणि पाटोद्याच्या राहुल आवारेला २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण मिळालं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. "असा गोलकीपर पाहिजे होता," म्हणाले.

सरांच्या संघाचं दुखणं असं की पोरगं तयार झालं की ते राहत नाही. कच्चं आहे तोवर आमचं. हातात स्टिक बसली, मान वर करून खेळायला लागलं, की कुणीतरी नेतंच. म्हणून सरांनी माझ्याकडूनच एक जुनी आवक-जावक नोंदवही मागून घेतली आहे. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक. मजकूर सरकारी थाटात: ‘लेफ्ट इन, रवाना, बालेवाडी प्रबोधिनी.’ ‘गोलकीपर, रवाना, पोलीस भरती.’ ‘राइट हाफ, रवाना, कर्नाटक, ऊस.’ उजवं पान नेहमी भरलेलं. डावं भरायला सर लग्नाच्या पंगतीत जातात.

यातली सगळ्यात मोठी जावक दिवाळीच्या सुमाराला. शालेय स्पर्धांचं गणित असं की तालुका पावसाळ्यात, मग जिल्हा, आणि विभागीय स्पर्धा येता येता दसरा होऊन जातो. म्हणजे संघाचा सूर लागायला आणि गावात ट्रक लागायला एकच मुहूर्त. मुकादम हा आमच्याकडचा आद्य संघमालक. हंगामाआधी पैसे देऊन माणूस बांधून ठेवायचा, ही युक्ती आयपीएल निघायच्या कितीतरी आधीपासून त्याच्याकडे आहे. तिला म्हणतात उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं त्या कोयत्याबरोबर फुकट.

एका वर्षी आमच्या सेंटर हाफच्या आई-बापानं उचल घेतली होती आणि विभागीय स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. सर मला घेऊन मुकादमाच्या ओसरीवर गेले.

"पोरगं पंधरा दिवस ठेवा मागं. सामना झाला की मी स्वतः फडावर आणून सोडतो."

मुकादम भला माणूस. त्यानं आधी चहा सांगितला. "सर, पोरावर माझी उचल न्हाई. त्याच्या बापावर हाय. पर बारकी बहीण हाय ना त्याला, तीन वर्साची. पोरगं कोपीवर बसून तिला सांभाळतंय, तवा बाई फडात जाती. पोरगं ऱ्हायलं मागं, म्हंजे बाई कोपीवर. बाई कोपीवर म्हंजे माझा अर्धा कोयता गेला. मी कारखान्याला काय सांगू, हॉकी हाय म्हणून?"

सर बराच वेळ बोलले नाहीत. मुलांना मागं ठेवायला सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण तिचा हंगाम आणि साखरेचा हंगाम यांची गाठ दरवर्षी पडतेच असं नाही. मग सरांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाले, "बहीण पण ठेवा."

ट्रक गेला त्या रात्री सर एका हाताला सेंटर हाफ आणि कडेवर त्याची बहीण घेऊन घरी आले. काकूंनी दार उघडलं, वरून खाली बघितलं. "दरवर्षी एक आणता. यंदा जोडी?" म्हणाल्या आणि तांदूळ घ्यायला आत गेल्या. काकूंनी आजवर नऊ सेंटर हाफ जेवू घातले आहेत. त्यांची तक्रार एकच, की लग्नपत्रिका पाठवतात ते हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात.

मुलींच्या संघाचं वेगळं. तिथं जावक ट्रकनं होत नाही, अक्षतांनी होते. नववीतली आमची एक मुलगी, फुलबॅक, काय सुरेख अडवायची. एक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, हळद लागायची आहे. सर तडक निघाले. बरोबर पोलीस नाहीत, पुढारी नाहीत. काखेत फक्त स्पर्धेच्या पात्रतेची फाइल. जन्मदाखला, बोनाफाईड, आधार, सगळं साक्षांकित, माझ्या हातचं. मांडवात जाऊन त्यांनी ती ग्रामसेवकापुढं उघडली. बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर असते आणि हा ग्रामसेवक तिथं जेवायला आला होता. "ही अंडर सेव्हन्टीन आहे," सर म्हणाले. "पुराव्यासकट. खेळायला पात्र आहे, लग्नाला अपात्र आहे. तुम्ही सही कुठं करणार तेवढं बोला." ग्रामसेवकानं पत्रावळ बाजूला सारली. वरपक्ष बुंदी न खाता परत गेला. त्यानंतर वर्षभर सरांना गावात कुणी लग्नाला बोलावलं नाही आणि त्यामुळे त्या वर्षी आवक फार कमी झाली.

गेलेली पोरं फोन करतात. पुण्याला गेलेल्या एकाचा २०१६ च्या उन्हाळ्यात फोन आला. सर पारावर बसले होते, त्यांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"सर, इथं सामन्याच्या आधी मैदानाला पाणी मारतेत."

पारावर शांतता झाली. गाव त्या वेळी टँकरवर होतं. पाण्यापायी उच्च न्यायालयानं आयपीएलचे सामने राज्याबाहेर घालवले होते, ते वर्ष.

"गवत वाळत असंल," एक म्हातारा समजुतीनं म्हणाला.

"गवत न्हाई आज्या, पलास्टिक हाय," फोनमधून आवाज. "तरीबी मारतेत. चेंडू चांगला पळतोय म्हनं."

सरांनी घाईनं स्पीकर बंद केला आणि म्हाताऱ्याला इतिहास सांगायला घेतला: १९७६ ला माँट्रियलला ऑलिंपिक पहिल्यांदा अशा कृत्रिम मैदानावर झालं आणि भारत सातवा आला, तिथून आपलं बिघडलं. म्हातारा ऐकत नव्हता. "पलास्टिकला पाणी," तो घागरीकडे बघून दोनदा म्हणाला.

आता हवालदाराचं पोरगं. दोन वर्षांत ते असं काही तयार झालं की त्याच्यापुढं बचाव करायला आमच्याच पोरांना भीती वाटायला लागली. संभाजीनगरकडची एक मोठी शाळा आहे. वसतिगृह, मेस, नवे बूट. त्यांचे सर आमच्या जिल्हा स्पर्धेला येतात, एका झाडाखाली बसून नावं टिपतात. हाकीसर त्यांना चहा नेऊन देतात, आणि नाव चुकीचं लिहिलं गेलं तर पुढं दाखल्याला त्रास होतो म्हणून आडनावाचं स्पेलिंगही सांगतात. जूनमध्ये हवालदाराचं पोरगं गेलं. त्याच्यासोबत आमचा आधीचा सेंटर हाफही गेला. जावक पानावर दोन ओळी. सरांनी त्या स्वतः लिहिल्या, अक्षर नेहमीपेक्षा बरं काढून.

आणि त्याच वर्षी, काकूंच्या घरी सेंटर हाफ आणि त्याची बहीण होती त्याच वर्षी, विभागीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत आमची गाठ त्या शाळेशी पडली.

आम्ही नऊजणच होतो. दोन ट्रकनं गेले होते. तीन वर्षांची बहीण माझ्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती. मैदान सपाट, त्यामुळे आमच्या पोरांची पहिली दहा मिनिटं नेहमीप्रमाणे चेंडूकडे बघण्यात गेली. अकराव्या मिनिटाला हवालदाराच्या पोरानं डावीकडून चेंडू घेतला. आमचा अर्धा संघ त्याला आठवीपासून ओळखणारा. तो आता काय करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यानं तेच केलं. गोल. सर जागेवरून उठले. मला वाटलं आपल्या बचावावर ओरडणार. सर ओरडले, "डोकं वर! मारताना डोकं वर ठेव, किती वेळा सांगितलंय!"

पोरानं समोरच्या संघातून मान डोलावली. "हां सर."

त्यानंतर सरांना भान राहिलं नाही. आमच्या पोरांना सांगायचे, "बंद कर, डावीकडं बंद कर," आणि पुढच्याच श्वासाला त्या दोघांना, "डावीकडं मोकळं हाय, टाक!" शेवटी अंपायरनं खेळ थांबवला आणि रेषेपाशी आला. "सर, तुमचा संघ नेमका कुठला?"

सरांनी दोन्ही बाजूंना बघितलं. प्रश्न प्रामाणिक होता म्हणून तेही प्रामाणिकपणे गोंधळले. "निळे माझे," म्हणाले. "आणि पिवळ्यातले दोन."

सामना आम्ही ७-० असा हरलो. सातांतले पाच त्या दोघांनी केले. पाचही डावीकडून, उजवी बाजू त्यांना इथं शिकायलाच मिळाली नव्हती. सामना संपल्यावर दोघं पळत आले, सरांच्या पाया पडले, मग माझ्या, मग सवयीनं बिस्कीट खाणाऱ्या पोरीच्याही. एकानं नवे बूट काढून आमच्या सेंटर हाफला घालून बघायला दिले. नंबर बसला नाही.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. गेवराईपर्यंत बोलले नाहीत. मग वही काढून माझ्यापुढं धरली. "लिही. आपण पाच, ते दोन."

मी कारकून माणूस. सांगितलं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो कागद मुख्याध्यापकांपुढं गेला. मुख्याध्यापक गणिताचे, हॉकीशी त्यांचा संबंध मान्यतेपुरता. त्यांनी चष्मा वर केला. "पाच-दोन? वा! म्हणजे राज्यस्तरावर जायचं आता. किती पोरं जातील आपली?"

सर खाली बघून म्हणाले, "दोघं गेलेत, सर."

मुख्याध्यापकांनी समासात शेरा मारला: ‘दोन खेळाडूंचा प्रवासखर्च मंजूर.’ खाली सही केली. मी जावक क्रमांक टाकला.